बाकी तसंच

ज्या कुणी हा नमुना लिहिलास, बाई,
तुझ्या घरी कुत्रं आहे का?

मी थर्झा कीपिंग. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण काठावर राहते.
बोट आठवड्यातून दोनदा येते, धुकं असलं की तेवढीही नाही.
तुझा कागद मला डल्सी हाननं दिला,
चर्चच्या विक्रीत दहा सेंटांना घेतलेला,
घडीवर चहाचा डाग, आणि नेमका डागाखाली
सातव्या फेरीचा आकडा.

पहिल्या सहा फेऱ्यांत तुझं माझं चांगलं जमलं.
गोल कडीत बारा टाके, मग प्रत्येकात दोन,
मग एक सोडून एकात दोन.
तिथवर मी गुणगुणत होते.
मग तू लिहिलंस: चांदणीपासून पुन्हा.
कुठल्या चांदणीपासून?
ओळीत दोन आहेत, एक कंसात, एक कंसाबाहेर.
एकीपासून गेले तर टाके सत्तर,
दुसरीपासून गेले तर एकोणऐंशी.
तू म्हणतेस बहात्तर.
दोन टाके कुठे सांडले म्हणून
मी टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

आणि ते दुहेरीचं प्रकरण!
माझी आई डॉर्सेटहून आलेली.
ती दुहेरी म्हणायची आणि घालायची मुका खांब,
बुटका, घट्ट, वारा आत न घेणारा.
तू बोस्टनची असशील. तुझी दुहेरी म्हणजे
सुईवर आधी एक वेढा, मग उंच, सडपातळ खांब.
शब्द तोच, आणि मधे अख्खा अटलांटिक.
महिनाभर आईच्या हातानं तुझा कागद विणला,
तर झाली एक टोपी.
अँब्रोजनं ती डोक्यावर घालून कोळसा आणला,
परत आला, काही बोलला नाही.

उसवलं सगळं.

सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब धराव्यात,
हे तू सांगतेस दुसऱ्या पानाच्या तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत.
पाहुणे उठून गेल्यावर
भाजीत मीठ नव्हतं म्हणण्यासारखं.

अँब्रोजनं चाळीस वर्षं जाळी सांधली.
तो म्हणाला, जाळ्याला कागद नसतो गं.
भोक बघायचं. त्यातून काय निसटेल ते बघायचं.
मी म्हटलं, तुझं निसटतं ते कॉड.
माझी आकडेमोड निसटतेय.
पण रात्री मी कागद ठेवला आणि कुत्रीकडे पाहिलं.

केपलिन चौदा वर्षांची. मागचे पाय धरलेले.
चुलीपाशी ती जागच्या जागी फिरते:
पहिला फेरा मोठा, दुसरा त्याहून लहान,
तिसऱ्यात पाय वाकतात,
आणि पडता पडता ती हनुवटी टेकायला काहीतरी शोधते.
माझा बूट. सरपणाची पेटी. काहीच नसलं तर
मान तशीच, अधांतरी, बराच वेळ.

मी पट्टी आणली. जमिनीपासून हनुवटीपर्यंत
साडेचार इंच. ती हलली नाही.

मग तुझी एकोणिसावी फेरी पुन्हा वाचली,
जिला मी तीन आठवडे छपाईची चूक समजत होते:
*यापुढे न वाढवता विणत जावे.*
न वाढवता वाढणार कसं, म्हणून चिडले होते.
पण टाक्यात टाका, एकात एकच, दोन फेऱ्या घातल्या,
तर कड आपली आपण उभी राहिली.
पसरायची थांबली, आणि चढू लागली.
बाई, हे तुला सांगता आलं असतं.
एका ओळीत.

अजून पाच फेऱ्या राहिल्यात.
लोकर संपली, करडी होती ती; आता पुढे तांबडी.
केपलिन अर्ध्या कडेत झोपलीय,
त्यामुळे आज सुई घालायला जागा नाही.

कागद डल्सीला परत जाईल,
डल्सीकडून पुन्हा विक्रीत, दहा सेंटांना.
म्हणून समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
चांदणी कंसातली धरा. दुहेरी म्हणजे उंच.
साखळ्या मोजा. चहा लांब ठेवा.
खाली तुझ्यासारखंच लिहिलं, बाकी तसंच.
मग ते खोडलं
आणि लिहिलं: आधी हनुवटी मोजा.