जन्माआधीचं रक्त

आग्नेलो जाळीआडून दर महिन्याला तेच सांगतो:
कॅप्सूल फोडू नको, चावू नको,
आईला म्हणावं, उघड्या हाताने धरू नको.
म्हणजे मी जे गिळायचं
ते आईने शिवायचंही नाही.

तिने एक चमचा वेगळा काढून ठेवलाय,
माझ्या बारशाला मामाने दिलेला,
दांड्यावर त्याचं नाव, माझं नाही.
त्यात ती घरंगळते, अर्धी गुलाबी, अर्धी हिरवी,
घाईने तोडलेल्या काजूच्या बोंडासारखी.

फॉलिक ॲसिडचं बरं असतं.
पिवळी, मसुरीएवढी. तिला कुणी भीत नाही.

कळ उठली की मात्र पायऱ्या ठरलेल्या:
आधी पॅरासिटामॉल,
मग ती दुसरी, जिने डोकं कापसाचं होतं,
मग पंचायतीजवळच्या बाबुशची रिक्षा,
काणकोण, मडगाव, बांबोळी,
आणि पहाटे तीनला हातात सुई.
रात्रपाळीचा पोरगा विचारतो, खरंच इतकं दुखतं?
आमच्या खोलची मिरची खाल्ली आहेस का, मी म्हणते.
नाही?
मग लिही, दहापैकी दहा.

पुनोच्या वेळी यातलं काही नव्हतं.
गोळी नव्हती, दुखण्याला नाव नव्हतं.
हाडं वाढतात म्हणून दुखतात, म्हणाले सगळे.
वाढली नाहीत.

डॉक्टर प्रियोळकरांनी केसपेपरच्या पाठीवर
एक गोल काढला, शेजारी एक विळा.
आईच्या पोटात होतीस तेव्हा
तुझं रक्त वेगळं होतं, म्हणाल्या,
ते वाकत नव्हतं.
जन्मल्यावर शरीर ते बनवायचं विसरतं.
ही कॅप्सूल त्याला थोडी आठवण करून देते.

म्हणजे रोज रात्री साडेनऊला,
पेज आणि सुक्या बांगड्यावर,
मी जरा मागे जाऊन येते.

फुकट नाही. महिन्याला एक बाटली रक्त मोजायला,
पांढऱ्या पेशी घसरल्या की पंधरा दिवस बंद,
आणि नखं काळवंडलेली.
वाळवणात देठ खुडताना सतरीमावशी म्हणते,
हा रंग कुठल्या दुकानात मिळतो गं?
सरकारी, मी म्हणते.

या खेपेला कुष्टा सोबत होता.
मे महिन्यात लग्न. चांगला शर्ट घालून आला होता,
काखेत माझी पाण्याची बाटली.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, तेव्हाच मला कळलं.
मूल हवं असेल तर
तीन महिने आधी ही बंद करावी लागेल.

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.
जी मला पोटात परत नेते
तिला माझ्या पोटात कुणी चालत नाही.

मग त्याचंही रक्त घेतलं.
पुढच्या सोमवारी चिठ्ठी. आजार नाही. वाहक.
मडगावच्या स्टँडवर बराच वेळ ती उलटसुलट करून म्हणाला,
वाहक म्हणजे कदंबचा कंडक्टर ना?
मला हसू आवरेना. हो, म्हटलं,
दुसऱ्याचं तिकीट फाडतो,
स्वतः कुठल्याच थांब्यावर उतरत नाही.
तोही हसला. मग कुंकळ्ळीपर्यंत
आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो,
एकाच खिडकीबाहेर.

दोघांत एक, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
दर खेपेला नव्याने नाणं.

घरी आलो तेव्हा अंगणात मिरच्या पसरलेल्या,
लाल, एकही सरळ नाही.
कुष्टाने न सांगता त्या गोळा केल्या,
घागर भरली, आणि गेला.

डबीत सत्तावीस उरल्यात.
साडेनऊला आईने चमचा पुढे केला.
डॉक्टर काय म्हणाल्या, ते तिने विचारलं नाही.
मी घेतली. वर तांब्याभर पाणी, सगळं.
सव्वीस.

ती चुलीशी बसून चमचा धुते,
इतर भांड्यांपासून दूर,
राखेने एकदा, मग साबणाने,
आणि मामाच्या नावावर
अंगठा फिरवत राहते, जरा जास्तच वेळ.