काचेचा दोरा

पारशिवनीकडून आलेला पोरगा, नाव खुशाब नैताम,
माझ्या शिलाई मशीनशेजारीच
त्यानं आपली मशीन मांडली.
"मावशी, पंखा बंद करजा. वाऱ्यानं हालते."

वायरीच्या काळ्या सालीतून
त्यानं जे काढलं ते मला आधी दिसलंच नाही.
चाळीस वर्षं सुईत दोरा ओवते मी,
तरी चष्मा पुसावा लागला.
"तांबं नाई हे. काच हाय.
यातून फक्त उजेड जाते."

कोणाची रे ही, विचारलं.
तो हसला.
खड्डा एका कंपनीनं खोदला, खांब दुसरीचे,
बिल तिसरी पाठवणार,
"आन् तार तोडते वांदर.
त्यायची कंपनी कोन्ती, देव जाने."

पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली,
सागाच्या खोडाएवढी जाड.
निळी ठिणगी. टाका दिसेना.
खाली आकडा उमटला: शून्य पूर्णांक शून्य दोन.
"जोडताना एवढं वाया गेलं."
वाया गेलेलंही मोजतात, हे मला नवीन.
चिंध्या, उसवलेले टाके,
उधारीत नेलेली पोलकी,
मी कधी मोजली नाहीत.

निघताना फरशीवरचे काचेचे कण
त्यानं चिकटपट्टीवर एकेक टिपून घेतले.
पायात गेला तर सापडत नाही म्हणे.

डबीवरचा दिवा अजून लालच.
गोटाडीच्या नाल्यापाशी कुठंतरी तुटलं असंल,
उद्या येतो म्हणाला.

मी पंखा लावला.
सरपंचीणबाईंची बाही
अर्धीच राहिली होती.