मागची सीट

जेल रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटातून
आहेर नवरा-बायको निघाले तेव्हा
मी दूध घेऊन येत होतो.
मोटारसायकलीला दोन्हीकडे पत्र्याच्या पेट्या,
टाकीवर हळदकुंकू, आरशाला लिंबू-मिरची
आणि हँडलवर प्रमिलाबाई.
यशवंतराव मागे, नकाशांची पिशवी पोटाशी धरून,
वरातीतल्या नवरदेवासारखे अवघडलेले.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.
"जमेल तिथपर्यंत," त्या म्हणाल्या.
"नाहीच थांबलो, तर समरकंद."

हसलो आम्ही सगळे.
दोन आठवडे पुरलं ते हसू.

छत्तीस वर्षं मी नोटा छापल्या प्रेसमध्ये.
आत जाताना खिसे तपासायचे,
बाहेर येताना खिसे तपासायचे.
माझ्या हाताखालून गेलेला कागद
कुणाच्या पदराच्या गाठीत, दानपेटीत, टेबलाखालून
कुठल्या कुठे पोचला असेल.
मी शिर्डी. फार तर एकदा गाणगापूर.

शालनने मुलाच्या जुन्या ॲटलासमधून
आशियाचं पान फाडून फ्रिजवर लावलं.
आहेरांचा निरोप आला की एक टिकली.
काठमांडूत पंक्चर: टिकली.
ल्हासाला यशवंतरावांना धाप, प्रमिला ठणठणीत: टिकली.
मग अकरा दिवस काहीच नाही.
त्या अकरा दिवसांत
भाजी चिरता चिरता ती फ्रिजकडे बघायची
आणि मीठ दोनदा पडायचं.
काशगर आलं तेव्हा तिने नवं पाकीट फोडलं.

परतले पाच महिन्यांनी. गच्चीवर सतरंजी, चिवडा, चहा.
आम्हाला दऱ्या हव्या होत्या, बर्फ हवा होता, लुटारू हवे होते.
प्रमिलाबाई पिंपळगावच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या,
त्या बोलत बसल्या वेलींबद्दल.
"तिकडे थंडीच्या तोंडावर
वेल मांडवावरून उतरवतात,
हळूहळू वाकवतात, मोडू न देता,
आणि मातीखाली निजवतात.
वरून बर्फ जातो.
ऊन फिरलं की उकरून पुन्हा बांधायच्या.
एका म्हातारीला मी दोन दिवस मदत केली.
भाषा नाही, काही नाही.
पण कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला कापायचा
हे दोघींना ठाऊक होतं."

कुणीतरी विचारलं, "मायलेज किती दिलं गाडीनं?"
शालनने विचारलं, "वाकवताना मोडते का एखादी?"
"जुनी मोडते कधी कधी," त्या म्हणाल्या.
"पण जुनीच जास्त वाकवावी लागते."

त्यानंतर सोसायटीत जे झालं
त्याची कुठे नोंद नाही.
क्षेमकल्याणी एकोणीस वर्षांनी
भावाला भेटायला धुळ्याला गेले. एसटीने. पण गेले.
वॉचमनच्या पोरीने पाण्याच्या टाकीवर
खडूने मोटारसायकल काढली, हँडलवर दोन वेण्या.
आणि एका बुधवारी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी,
शालन पेठ रोडच्या आरटीओत रांगेत उभी राहिली,
कॉलेजच्या पोरांमध्ये, हातात आधार कार्ड
आणि घामाने मऊ झालेला फोटो.

आठचा आकडा तिला चौथ्यांदा जमला.
तीन वेळा मी वर्तमानपत्राआड लपलो.

रविवारी पहाटे मुलाची पडून असलेली गाडी तिने काढली.
मी मागे. माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळेना.
"दांडी धर," ती म्हणाली,
"आणि मी झुकेन तेवढंच झुक. आपलं डोकं चालवू नकोस."
मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते.
चौतीस वर्षं ती माझी पाठ बघत आली:
बाजार, दवाखाना, लग्नकार्यं.
हेल्मेटखालून निसटलेला तिचा पांढरा शेपटा
माझ्या तोंडावर येत होता,
आणि मी तो बाजूला केला नाही.

देवळाली, भगूर. मग दारणेचा पूल.
पुलावर तिने गाडी थांबवली, खाली पाणी बघितलं,
म्हणाली, "पाय थरथरतायत. चल परत."

घरी आल्यावर टिकलीचं पाकीट घेऊन
ती फ्रिजसमोर उभी राहिली बराच वेळ.
आमचा सगळा प्रवास
नाशिकच्या टिकलीखालीच मावत होता.
तिने तिच्यावरच दुसरी चिकटवली.
किंचित सरकवून.