विषय काढलात म्हणून

गादीला गुपित नसतं.
फोम असतो, काथ्या असतो, दहा वर्षांची हमी असते,
आणि साकीनाक्याला तिसऱ्या मजल्यावर मी असते,
त्या फोममध्ये गुपित भरण्याच्या पगारावर.

नेव्हिल म्हणतो, झाकण पूर्ण काढू नकोस.
वास येऊ दे, भाजी दाखवू नकोस.
मी मनात म्हणते, झाकली मूठ,
आणि मोजून सव्वा लाख पत्त्यांवर एक ओळ सोडते:
‘तुमच्या पलंगाखाली काय आहे?’

आत अर्थातच खणांचा पलंग. चाळीस टक्के सूट.

चार वाजेपर्यंत एकोणतीस टक्के लोकांनी उघडली.
नेव्हिलने टेबल बडवलं, सगळ्यांना कटिंग.
उत्तरांच्या पेटीत कुणी डोकावत नाही.
तिथे ‘मी रजेवर आहे’ म्हणणारी यंत्रं येतात,
शिव्या येतात, ‘माझं नाव काढा’ येतं.
त्या दिवशी खारहून हेमांगिनी तळपदे आल्या,
पूर्णविरामांसकट.

‘विषय काढलात म्हणून सांगते.
पलंगाखाली दोन ट्रंका आहेत. एकीत तांब्याची भांडी.
दुसरीची किल्ली सापडत नाही.
शिवाय ह्यांचे बूट.
बूट अजून तिथेच आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

मला हसू आलं.
मग ते कुठे ठेवावं कळेना.

पुढच्या मंगळवारची ओळ आधीच रांगेत उभी होती:
‘रात्री तीन वाजता तुम्ही काय करत होता?’
आत सहा इंची ऑर्थो, शंभर रात्री वापरून बघा,
नाही आवडली तर परत.

‘तीनला जागीच असते. साडेतीनला पाणी येतं.
पिंप भरेपर्यंत बसायला स्टूल आहे,
गादीचं काय करू.
समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर अजून एक दिवा असतो.
तो तुमचा का?’

माझा नव्हता. मी घाटल्यात राहते, चेंबूरला.
तरी त्या रात्री तीनला उठून
मी स्वयंपाकघरातला दिवा लावला,
थोडा वेळ ठेवला.

या पत्त्यावर उत्तर पाठवू नये,
असं आम्ही तळाशी बारीक अक्षरात लिहितो.
ते त्यांच्यासाठी असतं
असं मला इतके दिवस वाटत होतं.

नवी मुलगी आली आहे, पूर्वा. तिला शिकवते:
ओळ तिथे तोड जिथे माणूस श्वास घेतो.
लग्नात नाव घेतात ना, तसं.
चांदीचं ताट झालं, ताटाभोवती रांगोळी झाली,
अख्खा हॉल शेवटच्या शब्दावर टांगलेला.
ती विचारते, आणि आपला शेवटचा शब्द?
मी म्हणते, ‘आत्ताच खरेदी करा.’
ती लिहून घेते.

मग दोन मंगळवार काहीच नाही.
ओळी गेल्या, आकडे आले, खारहून कुणी नाही.
यादीत नाव होतं. नाव काढायला त्या विसरल्या,
की काढायचं नव्हतं, ते आकड्यांत दिसत नाही.

आज सकाळी आली. आमच्या कशाचं उत्तर नव्हे,
त्यांची स्वतःची, कोरी. विषयाच्या जागी:
‘दुसऱ्या ट्रंकेची किल्ली सापडली.’

आत काही नाही.

खाली सरकवत गेले. पांढरं.
सही नाही, पूर्णविरामसुद्धा नाही.
चुकून बोट लागलं असेल.
नसेलही.

जेवणाच्या सुट्टीत बघितली. लिफ्टमध्ये बघितली.
मरोळच्या सिग्नलला रिक्षात,
रिक्षावाला म्हणाला, मॅडम, सब ठीक?
‘काय होतं हो आत?’ असं लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहून तसंच ठेवलं आहे.

आता तीन वाजून दहा मिनिटं.
खारला वीस मिनिटांत पाणी येईल.
आमच्यासारखे आकडे त्यांनाही दिसत असते
तर दिसलं असतं:
पाठवली, एकीला.
उघडली, अकरा वेळा.