दोरीची उंची

डाल्कावेच्या धक्क्यावर होड्या बांधायचो मी.
आता शाळेच्या किल्ल्या सांभाळतो,
गळके नळ, खुर्च्यांचे लंगडे पाय.
(हा शब्द मी यास्नासमोर गिळला होता.
ती म्हणाली, म्हणा की, खुर्चीलाच तर म्हणताय.)

मार्चमध्ये शाळा उघडली
आणि नोल्फाबाईंनी बोलावलं चित्रकलेच्या वर्गात:
एलेउतेरिओ मिस्त्री, तिची चाकाची खुर्ची
टेबलाखाली शिरत नाही, हातांचे दांडे अडकतात.

मी मापं घेतली. टेबलाची कड कापली अर्धगोल,
होडीच्या फासळीला देतो तसा बाक देऊन,
पायांखाली सायप्रसचे चार ठोकळे.
ब्रशच्या दांड्याला नळावरचा फोम गुंडाळला, मुठीत मावेलसा.
कागद चारी कोपऱ्यांना चिकटवला.
रंग केकच्या साच्यात.
नोल्फाबाई खूश, मी खूश,
सरकारी तक्त्यात एक खूण: सोय केली.

यास्नाचा हात निघतो एकीकडे
पोचतो भलतीकडे,
वाटेत वळसा, हिसका, एखादा थेंब.
बाईंनी मनगटाला वाळूची पट्टी बांधून पाहिली.
जड होतंय, ती म्हणाली,
शब्दांना लागतो तेवढा वेळ देत,
आणि रेघ माझी राहत नाही.
पट्टी निघाली.

घंटा झाली. पोरं ओली चित्रं
दोरीवर चिमट्यांनी लावू लागली.
तिचंही कुणीतरी उचललं, चांगल्या मनानं.
ती ओरडली.
एवढा आवाज तिच्यात असेल
असं वाटलं नव्हतं.
माझं मी वाळत घालणार.

दोरी माझ्या डोक्याच्याही वर.
वीस वर्षांपूर्वी मीच बांधलेली,
माझ्याच हाताच्या मापानं.

दुसऱ्या दिवशी खिळे उपटले
आणि ठोकले तिच्या बसल्या खांद्याइतके खाली.
पहिला चिमटा उघडायला तिला सात मिनिटं लागली.
घड्याळ बघायला नको होतं मी.
कागद तिरका लटकला, कोपऱ्यातून निळा ओघळ.

आता उंच पोरं विसरतात, दोरीत गुंततात,
शर्टांवर हिरवं, पिवळं.
परवा मुख्याध्यापक पाहणीला आले
आणि कोटावर अख्खी खाडी घेऊन गेले.
मग चिठ्ठी आली: दोरी पूर्ववत करावी.

हातोडा घेऊन गेलो.
कुलूप काढलं. वर्ग रिकामा,
अकरा चित्रं वाळत होती.
जरा वेळ उभा राहिलो,
मग वाकलो,
दोरीखालून पलीकडे गेलो.
तिथला नळ गळत होता, तो दुरुस्त केला.