पंधरा मिनिटं

आमच्या सोसायटीत रात्रीचे बारा
पावणेबारालाच वाजतात.
खीमलाल पुन विजेच्या खांबावर दांडा आपटतो,
मोजून बारा ठोके,
आणि जेल रोडची कुत्री तेवढ्यापुरती गप्प होतात.
सेक्रेटरी शिरोडे म्हणाले, घड्याळ नीट लाव.
तो म्हणाला, नीटच आहे साहेब.
म्याग्दीत आत्ता बारा वाजले.

पावतीपुस्तकात त्याचं नाव ‘गुरखा’.
अकरा वर्षं झाली.
मीही बहादूरच म्हणायचो.

मी प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढली, परफोरेशनला.
तिकिटांच्या शीटना भोकं पाडायची.
आत जाताना झडती, सुटताना झडती,
बिघडलेला कागदसुद्धा मोजून जाळायचा.
मधेच नेपाळची ऑर्डर यायची.
अक्षरं आपलीच, त्यामुळे वाचता यायची.
एकदा प्रूफ बघणारे गर्गे लाल पेन्सिल घेऊन
‘नेपाल’मधल्या ल चा ळ करायला निघाले.
फोरमननं हात धरला :
अहो, देश त्यांचा आहे.
गर्गे म्हणाले, असेल. पण शुद्धलेखन?

परवा खीमलालनं पत्र्याच्या पेटीतून
आईचं जुनं पाकीट काढलं.
तिकिटावर बर्फाचा डोंगर.
मी चष्मा न लावता नुसतं कडेवरून बोट फिरवलं
आणि म्हणालो, हे दात माझे.
शीटच्या किनारीला आमच्या प्रेसचं नाव असायचं,
पण तिकीट विकताना किनार फाडून टाकतात.
तो डोंगराकडे बघत राहिला.
म्हणाला, हा आमच्या घरामागचा.
डावा खांदा जरा जास्तच उतरवलाय.
नाशिकला कुणाला कळणार म्हणा.

त्याचा आजा देवलालीत तेरा दिवस होता.
तो देवलालीच म्हणतो, ळ त्याच्या जिभेवर बसत नाही.
छावणीत, जहाजाची वाट बघत.
मग इटली, मग डाव्या हाताची तीन बोटं कमी,
मग वर्षातून दोनदा डोंगर उतरून पेन्शन.
‘आमच्यावर इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं,’
हे सांगताना खीमलाल ताठ उभा राहतो
आणि पेटीतलं पदक दाखवतो.
पदकावर इंग्रजांचा राजा.
तेच डोकं माझ्या बापानं याच प्रेसमध्ये
दिवसाला हजारोंनी छापलं.
आमच्यावर होतं राज्य.
आमच्याकडे पदक नाही.

पासपोर्टही इथंच छापतात, मी म्हणालो.
मला लागत नाही, तो म्हणाला,
पूल ओलांडला की आलो.
थोडं थांबून :
पूल तुमच्या बाजूनं बंद होतो, तेव्हा मात्र कळतं.
त्या वर्षी बायको चुलीवर परत गेली.
फोनवर खोकायची.
मी इथं तुमच्या सिलिंडरच्या गाडीला
गेट उघडून देत होतो.

मला काही बोलता आलं नाही.
चहा सांगितला. त्यानं पैसे स्वतः दिले.

आता झोप लागत नाही.
पावणेबाराला बारा ठोके पडतात, मी मोजतो.
त्याच्याकडे उद्या उजाडायला लागला
आणि मी अजून इथंच, आजमध्ये,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
काल बारावा ठोका पडलाच नाही.
उठून गॅलरीत गेलो.
दांडा काखेत धरून तो खांबापाशी उभा होता,
तोंड उत्तरेला, म्हसरूळकडे.
‘खीमलाल,’ मी हाक मारली.
पहिल्यांदाच.
त्यानं वर पाहिलं
आणि राहिलेला ठोका दिला.