तीनशे डॉलरची मर्यादा

पतपेढीतली पाकू यांग म्हणाली,
तीनशे डॉलर आमच्याकडे ठेवा,
तेवढीच उधारी तुम्हाला मिळेल.
म्हणजे माझेच पैसे?
म्हणजे तुमचेच, ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं.
बाहेर दुलूथचा जानेवारी होता,
सरोवर काठापासून गोठत चाललेलं.

त्याआधीची एक रात्र सांगतो.
बेकरी बंद होऊन वर्ष झालेलं,
दिवाळखोरीचा कागद खणात,
शाळेच्या स्वयंपाकघरात
मी दुसऱ्यांचं पीठ मळत होतो.
त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून
पाच कार्डांसाठी पाच अर्ज भरले.
नाव एल्डन हाल्वरसन. वय चोपन्न. घर भाड्याचं.
पाचही जणांनी एकच लिहिलं,
खेद वाटतो, पण.
आणि नुसतं विचारलं म्हणूनही
आकडा खाली सरकला.
दार वाजवल्याचा दंड.

पाचशे अठ्ठावीस.
आईचं वजन शेवटी शेवटी उतरत गेलं
तेव्हा जसं रोज बघायचो
तसा तो बघायचो,
बघून काही होत नाही हे ठाऊक असून.

पाकूने सांगितलं होतं,
महिन्याला एकच वस्तू घ्या, लहानशी.
तारखेच्या आधी फेडा.
बाकी दिवस कार्ड आहे हे विसरा.
मी पीठ घ्यायचो. अकरा डॉलर चाळीस सेंट.
पहिल्या शनिवारी पीठ, दहा तारखेला फेड,
रविवारी वेलदोड्याचा पाव, एकट्यापुरता,
तरी दोन व्हायचेच; हाताला सवय मोठ्या घाण्याची.
एका महिन्यात तापाने फणफणलो होतो,
तरी उठून पैसे भरले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
माझं अंथरूण अकरा डॉलरचं होतं,
पाय पोटाशी घेऊनच झोपलो चौदा महिने.

आमच्या बंदरात जहाज आलं की पूल वर उचलतात.
आधी भोंगा, मग गाड्यांची रांग.
उचलला जाताना तो हलतोय असं वाटतच नाही,
रेडिओ लावायला मान वळवावी
आणि पुन्हा बघावं तर वर.
सहाशे एकेचाळीस.

मार्चमध्ये एक जाड पाकीट आलं.
नवं कार्ड, मर्यादा पंधराशे, अनामत नको.
सोबत जुन्या तीनशेंचा चेक परत.
त्याच संध्याकाळी मेहुण्याचा, ऑर्विनचा फोन.
त्याच्या ट्रकला मी एकदा जामीन राहिलो होतो.
बेकरी बुडाली त्यात थोडा तो ट्रकही होता.
फक्त सही रे, तो म्हणाला,
आता तुझं नाव चालतं ना?
चालतं, मी म्हणालो.
मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो,
आणि ते माझ्याच कानाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग म्हणालो, सही नाही.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मागे कारिन भांडी घासत होती,
माझी बहीण. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी चेक वटवला.
पावाच्या पिशवीत तळाशी तीनशे ठेवले, वर पाव,
आणि पिशवी कारिनच्या हातात दिली.
परत कधी द्यायचे हे तिने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
हे कुठल्या अहवालात दिसणार नाही.
ज्या हिवाळ्यात बेकरी गेली
तेव्हा शेजारच्या टोइव्होलाबाई, वय अठ्ठ्याहत्तर,
रोज पहाटे माझ्या पायऱ्यांवरचं बर्फ काढायच्या
आणि भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या.
तेही कुणी कुठे नोंदवलं नाही.
त्यांचं देणं किती झालं
हे विचारायला अर्ज कुणाकडे करायचा?

नवं कार्ड अजून कागदाला गोंदाने चिकटलेलं आहे,
टेबलावर, मिठाच्या डबीखाली.
उद्या शनिवार.
पीठ संपलंय.
या वेळी दोन पिशव्या घ्याव्यात म्हणतो.